माय की पाय

तिने आज काही खाल्लं असेल का, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. ताप उतरलाय म्हणते, पण फोनवर आवाज अजून घोगरा येतो. तापातून उठलेल्या माणसाला कुणी पुढ्यात ताट आणून ठेवलं तर दोन घास पोटात जातात. तिच्या घरी ताट वाढणारी तीच. नवरा लोकांचे फ्रिज दुरुस्त करत गावभर हिंडतो, मुलगी शिकायला बाहेर. म्हणजे बाई चहात बिस्किटं बुडवून वेळ मारून नेत असणार, आणि विचारलं तर म्हणणार, "चांगली भरपेट जेवले की!" खोटं बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

मी तिची काळजी करत जागी बसावं, हे आमच्या ह्यांना कळलं तर ते पोट धरून हसतील. चार वर्षं मी या बाईवर मनातल्या मनात जळते आहे.

ती माझ्या लेकीची सिस्टर, म्हणजे नर्स. लेकीने तिशी ओलांडली आहे. इमारतींचे नकाशे काढायची. स्नायूंच्या आजाराने आधी तिचे जिने बंद केले, मग हातातली पेन्सिल सुटली, मग श्वास कमी पडायला लागला. आता गळ्याला छोटं भोक पाडून त्यात नळी बसवलेली आहे. रात्री आणि दुपारच्या विश्रांतीला त्या नळीला श्वासाचं मशीन जोडायचं. जेवण पोटात बसवलेल्या दुसऱ्या नळीतून. औषधांनी साखर वाढते, ती वेगळी सांभाळायची. हातपाय हलत नाहीत, पण कळतं सगळं. मुंगी चढली तर कळते, झटकता येत नाही. रात्री मी आणि हे पाळीपाळीने असतो. दिवसा जाणतं माणूस लागतं, आणि ती जागा हिने घेतली.

गेला आठवडा ती तापाने घरी आहे आणि बदली म्हणून एक तरुण नर्स येते. आज संध्याकाळी नर्सेस पुरवणाऱ्या ब्यूरोच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "तुमच्या जुन्या सिस्टर आता बऱ्या आहेत. पण त्यांच्या घराजवळ एक पेशंट आहे, ते लोक त्यांच्यासाठी मागे लागलेत. आत्ताची मुलगी तुम्हाला पसंत असली तर तिलाच ठेवा, मग मी ह्यांना तिकडे देते. नको असेल तर तसं सांगा. उद्या सकाळपर्यंत कळवा." ओठांवर आलेलं 'ठेवते' मी कसंबसं गिळलं आणि सकाळी सांगते म्हटलं.

आता हे सगळं पहिल्यापासून लिहायला हवं, म्हणजे माझं मलाच कळेल मी उद्या काय बोलणार आहे ते.

पहिल्या दिवशी ती दारातूनच ओरडली होती, "कुठे आहे पेशंट?" बाई उंच आणि आडव्या बांध्याची. चालली की कपाटातल्या काचा किणकिणतात. ह्यांनी पेपर खाली करून विचारलं, "माणूस आलंय की भोंगा वाजला?" लेकीच्या तोंडावर किती तरी दिवसांनी हसू आलं आणि भोंगा हे नाव त्या मिनिटाला पक्कं झालं. तिलाही ते आवडलं. फोनवरही स्वतःहून सांगते, "मी भोंगा बोलतेय!"

गुणी वगैरे म्हणावी अशी ती नाही. चहा फुरकते. आमच्या टीव्हीचा आवाज तिने वाढवून ठेवला की शेजारच्यांना मालिका फुकट ऐकू येते. स्वतःच्या केसांचा अभिमान इतका, की आमच्या आरशासमोरून सरळ कधी गेली नाही. उशीर झाला की रोज नवं कारण. एकदा बस बंद पडते, एकदा शेजारीण बाळंत होते. ती शेजारीण आतापर्यंत तीनदा बाळंत झाल्याचं ह्यांनी लक्षात ठेवलंय. मागे एकदा विचारलंही, "सिस्टर, चौथ्याचं काही कळलं का?" तर न लाजता म्हणते, "काका, तिचं ऑपरेशन झालं आता. यापुढे बसच बंद पडेल."

शिकली ती लग्नानंतर. पाळण्यातली पोर सासूच्या मांडीवर टाकून नर्सिंगच्या वर्गाला जायची. सासू विचारायची, "शिकायला जातेस की झोपायला?" ही म्हणायची, "दोन्हीला." त्याच सासूला पुढे अर्धांगवायू झाला तेव्हा हिने तिचं सगळं केलं, आणि करताना रोज ऐकवलं, "बघा, झोपेत शिकलेलं कसं कामाला येतंय!" सासू अर्ध्या तोंडाने हसायची म्हणे. नंतर मोठ्या हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढली. ती नोकरी का सोडली, असं मी विचारलं तर म्हणाली, "काकू, तिथे गप्पा पुऱ्या होत नाहीत हो. माणूस बरा झाला की खालच्या मजल्यावर जातो, नाही झाला की एकदम वर. माझी गोष्ट आपली अर्धीच राहते."

आमच्याकडे तिच्या गोष्टी पुऱ्या व्हायला लागल्या, आणि माझं दुखणं सुरू झालं.

लेकीच्या आवाजाचं थोडं सांगायला हवं. गळ्यातल्या नळीला आतून एक फुगा असतो. मशीन चालू असताना तो फुगवलेला, म्हणजे आवाज अजिबात नाही, नुसते ओठ हलतात. मशीन काढलं की फुगा सोडायचा, नळीच्या तोंडाशी एक छोटं झाकण बसवायचं, मग ती बोलते. त्या झाकणाला भोंगा टोपी म्हणते. लेक ओठांनी सांगते, टोपी घाल. आणि ही सगळ्या घराला ऐकू जाईल अशी उत्तर देते, "तुला टोपी घालणारा अजून जन्माला यायचाय, इंजिनेर!"

टोपी नसते तेव्हा ओठ वाचायचे. त्यातली मेख अशी, की प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. तिन्हीला ओठ मिटून उघडतात. भोंगा त्यावर मोठ्याने पाढाच म्हणते. "बाबा? पापा? मामा? मामा कशाला हवाय तुला?" बरोबर असेल तिथे लेक डोळे मिटते. हे बाहेरून ओरडतात, "मी बाबा आहे, मला मामा बनवू नका!" मग मशीनवर असलेल्या लेकीचं हसणं सुरू होतं. त्याला आवाज नसतो, खांदेही हलत नाहीत, फक्त डोळ्यांतून पाणी येतं आणि मशीन टुंटुं करायला लागतं. ओठ वाचायला कुठे शिकलात, असं ह्यांनी एकदा विचारलं. "घरीच. नवरा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, शिव्या कोणत्या ते कळायला नको?"

मला तो पाढा ओरडणं अडाणीपणाचं वाटायचं. आईला विचारावं लागतं का? मी बारा महिने तिच्या उशाशी असते. मी कधी विचारलं नाही.

जळण्यासारखं काय आहे त्यात, असं कुणी म्हणेल. त्याने आमच्या घरी येऊन तिचं 'आम्ही' ऐकावं. "काकू, आम्ही अंघोळ केली." "आम्हाला आज कंटाळा आलाय." "आम्ही ठरवलंय, खिडकीकडे तोंड करून बसायचं." त्या आम्हीत ती आणि माझी मुलगी. मी बाहेर, टॉवेल घेऊन उभी. एकदा न राहवून मी म्हटलं, "आपण म्हणा की." तर निरागसपणे विचारते, "तुमची पण अंघोळ व्हायचीय का?"

दुसऱ्या वर्षी लेक तिला तुम्हीवरून तूवर आली. मी भाजी निवडत होते, आतून ऐकू आलं, "तू जेवलीस का गं?" मला वाटलं मलाच विचारतेय. मी उठून दारापर्यंत गेले, "नाही अजून," म्हटलं. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी तशीच मागे फिरले. घरात तिच्याकडून तू म्हणवून घेणारी बाई तोवर मी एकटी होते.

आणि मग केस. मागच्या उन्हाळ्यात मी दात दाखवायला गेले होते. परत आले तर लेकीची पाठीवरची वेणी गेलेली, केस कानापर्यंत. ते केस मी तिच्या लहानपणापासून विंचरले होते.

"कुणी कापले?"

"आम्ही," भोंगा म्हणाली. "इंजिनेरनी नकाशा सांगितला, मी कात्री चालवली. उशीवर गुंता होऊन मान अवघडत होती."

लेकीला टोपी होती. ती म्हणाली, "आई, हलकं वाटतंय गं." मी छान दिसतंय म्हटलं. संध्याकाळी केराच्या डब्यातून वेणी काढली, धुतली, वाळवली आणि कपाटात खाली ठेवून दिली. हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

असंच एकदा ती बोलता बोलता म्हणून गेली, "तो चष्मेवाला ना?" आणि लेकीने डोळे मोठे केले.

"कोण चष्मेवाला?" मी विचारलं.

"कुणी नाही काकू, मालिकेतला."

त्यानंतर मी तिच्या सगळ्या मालिका नेमाने बघितल्या. एकालाही चष्मा नव्हता. माझ्या मुलीच्या आयुष्यात कुणीतरी चष्मेवाला होऊन गेला आणि ते फ्रिजवाल्याच्या बायकोला ठाऊक आहे, मला नाही. हे म्हणाले, "तू तर सवत आणल्यासारखी वागतेस." मी म्हटलं, सवत परवडली, ती नवऱ्यात वाटा मागते, मुलीत नाही.

तर अशी ती गेल्या आठवड्यात सकाळी आली आणि जिन्यातूनच ओरडली, "दार उघडू नका काकू! मला सर्दी झालीय!" साधी सर्दीसुद्धा लेकीच्या छातीत उतरली तर हॉस्पिटल गाठावं लागतं. ती अर्ध्या जिन्यातून परत गेली. रात्री तिलाच सणकून ताप भरला.

खरं सांगायचं तर दार लावताना मला सुट्टी लागल्यासारखं वाटलं.

बदलीची मुलगी शांत, स्वच्छ, वेळेवर येणारी. तिच्या बोलण्यात आम्ही नाही. "पेशंटचं जेवण झालं." "पेशंटची साखर ठीक आहे." नळी साफ करते, कूस बदलते, औषध देते, नाव ठेवायला जागा नाही. गप्पा मारत नाही, म्हणजे माझ्या मुलीशी बोलायला उरले मी. चार दिवस मी तिच्या उशाशी बसून होते. पुस्तक वाचून दाखवलं, कान साफ केले, लहानपणच्या गोष्टी काढल्या. तीही ऐकत होती. संध्याकाळी मात्र भोंग्याचा फोन यायचा, तेवढा वेळ फोन लेकीच्या कानाशी मी धरायचा आणि पलीकडून काय विनोद झाला ते मला कळायचं नाही. तरी म्हटलं, असो. दिवस माझा आहे.

आज दुपारी नर्स स्वयंपाकघरात डबा खायला बसली होती. लेक मशीनवर, डोळे मिटलेले. मी शेजारी. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. ओठ मिटले, उघडले.

माय.

मी श्वास रोखून बघत राहिले. तिने पुन्हा म्हटलं, माय. मी वाकले, तिच्या कपाळाला कपाळ लावलं, आखूड केसांतून हात फिरवला. "हो गं, राणी. इथेच आहे मी. कुठे जात नाही." तिचे डोळे भरून आले. माझेही आले. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली आणि दर वेळी मी "हो गं, हो गं" करत तिला आणखी जवळ घेतलं. मनात भोंग्याला सांगतही होते, बघ, तुला नुसतं तू म्हणते.

मशीन टुंटुं करायला लागलं. नर्स ओल्या हाताने धावत आली, मशीनकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि सरळ पायाकडची चादर वर केली. उजवा पाय उशीवरून घसरला होता. घोटा गादी आणि पलंगाच्या कठड्यामध्ये पिरगळून अडकलेला, बोटं काळीनिळी. तिने तो अलगद सोडवला, नीट उशीवर ठेवला, बोटं चोळत बसली.

"पेशंटचा पाय अडकला होता," ती म्हणाली. एवढंच.

बोटांचा रंग परत आला. घोट्याच्या हाडावर लाल वळ मात्र अजून आहे. तिथली कातडी फाटू नये म्हणून आज तो पाय अधांतरी ठेवायचाय, खाली उशी पोटरीला.

संध्याकाळी टोपी घातल्यावर लेकीचं पहिलं वाक्य, "आई, पाय म्हणत होते मी. पाय!"

"मला वाटलं, माय."

"माय? मी तुला जन्मात कधी माय म्हटलंय?"

"नाही."

"मग?"

"डोळ्यांत पाणी होतं तुझ्या..."

"अगं, पाय पिरगळला होता! तुला काय वाटलं, प्रेमाचं भरतं आलं?" आणि ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, नळी साफ करावी लागली, आणि पुन्हा हसली. दारात उभे हे म्हणाले, "इतकी वर्षं मी तुझे पाय धरतोय, तुला अजून पाय ओळखता येत नाही?"

मला हसू येईना. मी म्हटलं, "तुझ्या भोंग्याला बरोबर ओळखता आलं असतं. तिला सगळं कळतं."

"कुठे कळतं? निम्म्या वेळा चुकते. मागच्याच महिन्यात पंखा मंद कर म्हटलं तर बंद करून बसली, घामाने निथळले मी." जरा थांबून, दम घेऊन ती म्हणाली, "पण ती विचारते गं. पाय का, बाय का, माय का, बोंबलून विचारते. तू विचारतच नाहीस. तुला वाटतं, तुला आपोआप कळायला हवं."

त्यानंतर ब्यूरोच्या बाईंचा फोन आला. मी तो तिच्यासमोरच घेतला. तिने सगळं ऐकलं होतं, तरी मी विचारलं. आता विचारायचं असं ठरवलंच होतं ना.

"तुला कोण हवी?"

"मला ती हवी. पण ती आली की तू दिवसभर तोंड फुगवून फिरतेस, ते नको आहे. तुझं तोंड वाचायला मला टोपी लागत नाही, आई." मग डोळे मिटून म्हणाली, "तू ठरव. दार तुला उघडावं लागतं."

हे तिच्याजवळ बसले आहेत. मी इथे जेवणाच्या टेबलावर. आतून मशीनचा श्वास ऐकू येतोय, घेतला, सोडला, घेतला, सोडला.

आत्ताची मुलगी चांगली आहे. तिने दुपारी पाय वाचवला, हे मी नाकारत नाही. ती राहिली तर घरात आवाज होणार नाही, कुणी माझ्या मुलीचे केस कापणार नाही, आणि हळूहळू मीही विचारायला शिकेन. हे सगळं मी बोटांवर मोजल्यासारखं मनात मांडलं आणि होकार जवळजवळ पक्का केला. मग सहज डोळ्यांसमोर ते दुसरं घर आलं. तिच्या घराजवळचं, बसचं कारण सांगायचीही गरज नसलेलं. तिथल्या पलंगाशी भोंगा उभी आहे, केस सावरत, आणि कुणा अनोळखी माणसाच्या आईला सांगते आहे, "काकू, आम्ही आज अंघोळ केली."

मी ताडकन उठले आणि पाणी प्यायले.

तिचं आम्ही मला आमच्याच घरात हवंय. त्यात मी नसले तरी. त्यांच्याकडे काय म्हणून जावं तिने? चष्मेवाल्याची गोष्ट इथे अर्धी राहिली आहे, तीही अजून मला कळायची आहे.

ब्यूरोला मग सांगेन. सकाळी पहिला फोन तिला, ती दात घासत असेल तेव्हाच. आधी विचारणार, काल रात्री जेवलात का. भरपेट म्हणाली तर विचारणार, काय जेवलात. अडखळली तर समजेन. ह्यांच्या हाती डबा धाडेन, तिच्या जिन्यात ठेवून या म्हणून. मग सांगणार, या. पुरत्या बऱ्या झालात की या. पाय अधांतरी ठेवलाय, तो बघा. केस वाढलेत थोडे, कापायचे असले तर मी घरी असताना कापा. आणि पुढच्या वेळी आम्ही म्हणालात तर मी मोठ्याने विचारणार आहे, पाढा म्हटल्यासारखं, आम्ही म्हणजे कोण कोण?